रसना, रुची आणि दंतक्षय

एकाच घरात वाढलेली, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी, एकाच वेळी दात घासणारी दोन भावंडे असतात. दहाव्या वर्षी एकाचे दात मोत्यासारखे असतात, तर दुसऱ्याच्या दाढा त्याच वयात काळ्या पडून पोखरलेल्या असतात. असे का व्हावे, हा प्रश्न पालक वारंवार विचारतात आणि त्याचे उत्तरही बहुधा स्वतःच देऊन टाकतात. ‘आमच्या घराण्यातच दात कच्चे,’ असे कोणी म्हणतो. ‘हाच पोरगा अधाशी, गोड दिसले की याला राहवत नाही,’ असे दुसरा म्हणतो. पहिल्या उत्तरात दोष नशिबाकडे जातो आणि दुसऱ्यात मुलाकडे. दोन्हींत सत्याचा थोडा अंश आहे. परंतु दोन्ही उत्तरे जशीच्या तशी स्वीकारली तर मुलाचा दात काही वाचत नाही. गेल्या नव्वदाहून अधिक वर्षांत रसायनशास्त्रज्ञ, आनुवंशशास्त्रज्ञ आणि दंतवैद्य यांनी केलेल्या कामातून या कोड्याचा एक धागा हाती आला आहे, आणि तो धागा दाताऐवजी जिभेपासून सुरू होतो.

निवासी शाळेत तर हा प्रश्न अधिकच ठळकपणे दिसतो. तेथे शेकडो मुले एका पंगतीत बसून एकच भाजी-भाकरी जेवतात, एकाच टाकीचे पाणी पितात आणि घंटेच्या तालावर उठतात, झोपतात. तरीही दाढ धरून रात्री रडणारी मुले ठरावीकच असतात. दंतक्षय हा काही दुर्मीळ आजार नव्हे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. म्हणजे वर्गातील निम्म्या मुलांचे दात किडलेले, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. उरलेली निम्मी कशी वाचली, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कीड म्हणजे नेमके काय

मराठीत आपण ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतो. हा शब्दप्रयोग फार जुन्या समजुतीतून आला आहे. प्राचीन बाबिलोनपासून चीनपर्यंत अनेक संस्कृतींत दात पोखरणाऱ्या अळीची कल्पना होती. आपल्याकडेही जत्रेत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातल्या ‘अळ्या’ काढून दाखवणारे लोक असत आणि वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी ते डोळ्यांनी पाहिलेले असते. त्या अळ्या दातातल्या नसतात, हे सांगूनही पुष्कळांना पटत नाही. फ्रान्समधील पियर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या अळीचे अस्तित्व नाकारले. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १८९० मध्ये, बर्लिनमध्ये काम करणारे विलोबी मिलर यांनी खरे कारण मांडले. तोंडातील जीवाणू पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातातून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जीवाणू वेगळा केला. दंतक्षयात भाग घेणाऱ्या अनेक जीवाणूंमध्ये त्याचे नाव आजही अग्रभागी आहे.

ही प्रक्रिया समजून घेणे अवघड नाही. दातांवर सतत एक चिकट थर साचत असतो. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. साखर तोंडात आली की या थरातील जीवाणू काही मिनिटांतच तिचे आम्ल करतात. शालेय विज्ञानात आपण सामू शिकलो आहोत. थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागतात. नंतर लाळ आपले काम करते, आम्ल सौम्य होते आणि गेलेले खनिज अंशतः परत बसते. या चढउताराचा आलेख १९४० च्या दशकात अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी मांडला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सामू पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. यावरून एक साधा हिशेब निघतो. प्रत्येक वेळी अर्धाच तास धरला, तरी दिवसातून तीनदा खाणाऱ्याचे दात दीड तास आम्लात राहतात आणि आठ वेळा काहीतरी गोड तोंडात टाकणाऱ्याचे चार तास. साखर एकूण किती खाल्ली याला महत्त्व आहेच, परंतु ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे त्याहून निर्णायक ठरते.

हे ज्ञान ज्या मार्गाने पक्के झाले, तो मार्ग मात्र अभिमानाने सांगावा असा नाही. स्वीडनमधील लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म येथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी सरकारी संस्था होती. १९४५ नंतरच्या दशकात तेथील रहिवाशांवर आहार आणि दंतक्षय यांविषयीचे प्रयोग करण्यात आले. काहींना जेवणाबरोबर साखर दिली गेली, तर काहींना मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफी जेवणांच्या मधल्या वेळेत दिल्या गेल्या; एका गटाला दिवसाला आठ, दुसऱ्याला चोवीस. जेवणासोबतच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. मधल्या वेळच्या चिकट गोडाने मात्र ती झपाट्याने वाढली. १९५४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या दंतवैद्यांनी ते स्वीकारले. पुढे स्वीडनमध्ये मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, गोड खाऊ देण्याची प्रथा रुजली, ती याच निष्कर्षांमुळे. परंतु ज्यांचे दात या प्रयोगात गेले, त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. नकार देण्याची शक्तीच त्यांच्यापाशी नव्हती. ज्यांना समाजात आवाज नाही, त्यांचीच शरीरे ज्ञानाच्या नावाखाली वापरली जातात, हा अनुभव आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. हे निष्कर्ष उपयोगात आणताना त्या माणसांचे स्मरण ठेवावे, एवढे तरी आपण करू शकतो.

एका चूर्णाची कथा

आता जिभेकडे वळू. १९३१ साली अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बामाइड नावाचे चूर्ण बाटलीत भरत होते. थोडे चूर्ण हवेत उडाले. शेजारी काम करणारे सहकारी, नॉलर, तोंड कडू झाल्याची तक्रार करू लागले. फॉक्स यांना तर काहीच जाणवत नव्हते, आणि चूर्णाच्या अधिक जवळ तेच उभे होते. दोघांनी ते चूर्ण चाखून पाहिले. एकाला ते अतिशय कडू लागले, दुसऱ्याला खडूच्या भुकटीसारखे बेचव. मग इतरांना चाखवले, तेव्हा लोक सरळ दोन गटांत विभागले गेले. पुढे आनुवंशशास्त्रज्ञ आल्बर्ट ब्लेकस्ली यांच्यासह फॉक्स यांनी न्यू ऑर्लीन्स येथील विज्ञान परिषदेस आलेल्यांना हे चूर्ण चाखायला दिले. त्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना त्याची काहीच चव लागली नाही. या रसायनाचे लांबलचक नाव टाळण्यासाठी पुढे त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘पीटीसी’ असे म्हणू.

पीटीसीची चव न कळणे हे कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत येते आणि ते बहुतांशी अप्रभावी गुणधर्मासारखे वागते, हे लवकरच ध्यानात आले. डीएनए तपासणी अस्तित्वात नव्हती त्या काळी पितृत्वाच्या वादातही ही चाचणी वापरली जाई. १९३९ मध्ये रोनाल्ड फिशर, ई. बी. फोर्ड आणि ज्युलियन हक्सली या तिघा नामांकित शास्त्रज्ञांनी तर प्राणिसंग्रहालयातील चिंपांझींनाही हे रसायन मिसळलेले गोड पाणी पाजून पाहिले. काही चिंपांझींनी ते थुंकून टाकले, काहींनी मुकाट पिऊन टाकले. माणसांप्रमाणेच त्यांच्यातही दोन गट निघाले! हा भेद माणूस व चिंपांझी यांच्या समान पूर्वजापासून आला असावा, असे त्या वेळी मानले गेले. २००६ मध्ये जनुकांची तुलना झाल्यावर कळले की चिंपांझींमधील बदल वेगळाच असून तो स्वतंत्रपणे घडलेला आहे.

माणसातील या भेदाचे जनुक २००३ साली सापडले. सातव्या गुणसूत्रावरील या जनुकाचे नाव ‘टास-२-आर-३८’ असे आहे. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राही असतात. त्यांपैकी एका ग्राहीची रचना हे जनुक ठरवते. या जनुकात तीन ठिकाणी बदल आढळतात आणि त्यांवरून त्याची दोन प्रमुख रूपे पडतात: एक चव जाणणारे, दुसरे न जाणणारे. आई आणि वडील दोघांकडूनही न जाणणारे रूप आले, तर त्या मुलाला पीटीसी जवळजवळ बेचव लागते. जगात या रूपांचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. पश्चिम आफ्रिकेतील काही गटांत चव न लागणारे अवघे ३ टक्के आढळले, तर भारतातील काही गटांत ४० टक्क्यांहून अधिक. त्यामुळे आपल्या शाळांतील कोणत्याही वर्गात दोन्ही प्रकारची मुले शेजारी शेजारी बसलेली असणार, हे गृहीत धरायला हरकत नाही.

१९९० च्या दशकात येल विद्यापीठातील लिंडा बार्टोशुक यांनी यात आणखी एक पायरी दाखवली. त्यांनी पीटीसीऐवजी ‘प्रॉप’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे रसायन वापरले. ते थायरॉइडच्या विकारावरील औषधही आहे. चव जाणणाऱ्यांपैकी काहींना हे रसायन असह्य कडू लागते आणि त्यांच्या जिभेवर रुचिकलिका धारण करणारे बारीक उंचवटेही दाट असतात, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील पाहणीत ढोबळ मानाने एक चतुर्थांश लोक बेचव गटात, निम्मे मध्यम गटात आणि उरलेले चतुर्थांश या अतिसंवेदनशील गटात येतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अतिसंवेदनशीलांचे प्रमाण अधिक असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘माझ्या मुलाला कारले कडू लागते, म्हणजे तो चव जाणणारा,’ असा निष्कर्ष काढू नये. पीटीसी आणि प्रॉप यांच्या रेणूत नायट्रोजन, कार्बन व गंधक यांची एक विशिष्ट जोडणी असते आणि वरील ग्राही ती ओळखतो. कोबी, मोहरी, मुळा यांच्या कुळातील काही संयुगांत तिच्याशी जुळणारी रचना असते. कारल्यात व कडुलिंबात ती नसते. कारल्याचा कडवटपणा दुसरे ग्राही ओळखतात, त्यामुळे पीटीसी बेचव लागणारा माणूसही कारल्याने तोंड वाकडे करतोच.

चव आणि कीड यांचा दुवा

कडू चवीच्या जनुकाचा गोडाने होणाऱ्या आजाराशी संबंध काय, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. संशोधकांनी मांडलेला तर्क असा आहे. ज्यांची जीभ प्रॉपला तीव्र प्रतिसाद देते, त्यांना इतर चवीही बहुधा अधिक तीव्रतेने जाणवतात. थोड्या साखरेनेच त्यांचे समाधान होते आणि फार गोड पदार्थ त्यांना नकोसा वाटतो. ज्यांना प्रॉप बेचव लागते, त्यांना तेच समाधान मिळवण्यासाठी अधिक गोड लागते; चहात दोन चमचे साखर घालूनही तो ‘फिक्का’ वाटतो. अशी मुले गोडाकडे अधिक वेळा वळतात आणि स्टीफन यांच्या आलेखातील उतार त्यांच्या तोंडात अधिक वेळा घडतो.

हा तर्क तपासून पाहिला गेला आहे. २००३ मध्ये अमेरिकेत एका छोट्या प्राथमिक अभ्यासात मुलांना प्रॉपने भिजवलेले कागद चाखायला देऊन त्यांचे दात तपासले गेले. बेचव गटातील मुलांमध्ये कीड अधिक होती. २००६ नंतर भारतीय बालदंतवैद्यांनीही आपल्या मुलांवर असे अभ्यास केले आणि त्यांचे निष्कर्ष त्याच दिशेचे होते: बेचव गटातील मुलांना गोड अधिक प्रिय आणि त्यांच्यात किडलेले दातही अधिक. २०१० मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी याच प्रश्नाकडे जनुकांच्या बाजूने पाहिले. अमेरिकेतील अ‍ॅपलेशिया या डोंगराळ व पुष्कळशा गरीब प्रदेशातील कुटुंबांचे दात आणि जनुके त्यांनी तपासली. टास-२-आर-३८ चे चव जाणणारे रूप असलेल्या लहान मुलांच्या दुधाच्या दातांना काही प्रमाणात संरक्षण मिळते, असे त्यांना दिसले. गोड चव ओळखणाऱ्या एका ग्राहीच्या जनुकाचाही दंतक्षयाशी संबंध आढळला.

यात आणखी एक वाट आहे. २०१२ मध्ये असे दाखवून देण्यात आले की टास-२-आर-३८ चा ग्राही नाकाच्या आतील अस्तरातही असतो आणि काही जीवाणू परस्परांना जे रासायनिक निरोप पाठवतात, ते तो ओळखतो. मग शरीर त्या जीवाणूंविरुद्ध हालचाल करते. हिरड्यांच्या पेशींतही या ग्राहीचे कार्य अभ्यासले जात आहे. म्हणजे या जनुकाचा परिणाम केवळ आवडीनिवडीपुरता नसून तोंडाच्या प्रतिकारशक्तीशीही निगडित असू शकतो. मला व्यक्तिशः पहिली वाट अधिक भक्कम वाटते, कारण तिला निसर्गानेच एक पुरावा पुरवला आहे.

तो पुरावा म्हणजे फळशर्करा न पचण्याचा आनुवंशिक विकार. यकृतातील एका विकराच्या अभावामुळे या व्यक्तींना फळशर्करा आणि म्हणून नेहमीची साखरही सोसत नाही. गोड खाल्ले की उलट्या होतात, रक्तातील ग्लुकोज घसरते. असे मूल कोणी न शिकवताच गोडापासून दूर राहू लागते; वाढदिवसाचा केकही हात न लावता बाजूला सारते. पोळी, भात, बटाटे ही माणसे सर्वांप्रमाणे खातात, परंतु त्यांच्या तोंडात कीड फारच क्वचित आढळते. विकार दुःखद आहे आणि त्याचा हेवा करण्याजोगे काही नाही. तथापि गोडाविषयीची नावड दातांचे किती रक्षण करते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणार नाही.

असे असले तरी जनुकाला सर्वाधिकारी मानणे चूक ठरेल. चवीचे हे अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि त्यांतील फरक सरासरीचे आहेत. चव जाणणाऱ्या गटातही किडक्या दातांची मुले असतात आणि बेचव गटातही निरोगी दातांची. फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये मुले आणि त्यांच्या माता यांची एकत्र तपासणी केली. मुलांमध्ये गोडाची आवड जनुकाप्रमाणे बदलत होती. मातांमध्ये मात्र त्या कोणत्या समाजात वाढल्या, यालाच अधिक महत्त्व आल्याचे दिसले. मूल मोठे होते तसतशी सवय जिभेवर मात करते, असा याचा अर्थ होतो. आजीच्या हातची आमटी, सणाचे जेवण, वसतिगृहाची मेस, गावातील टपरी यांनी घडवलेली रुची जन्मजात रुचीला झाकून टाकते. मग ही सवय कोण घडवतो आणि कोणत्या वयात, हाच खरा प्रश्न उरतो.

होपवुडची मुले

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक निवासी संस्था ऑस्ट्रेलियात होऊन गेली. न्यू साउथ वेल्समधील बोरल येथे १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, होपवुड हाउस हे बालगृह सुरू झाले. ज्यांच्या आयांना त्यांना वाढवणे अशक्य होते, अशी ऐंशीहून अधिक मुले तेथे तान्ह्या वयापासून राहत. संस्थापक व्यापारी असून आहाराबाबत त्यांची मते ठाम होती. मुलांना दूध, कोंड्यासह पिठाची भाकरी, कच्च्या व शिजवलेल्या भाज्या, फळे आणि कडधान्ये मिळत. साखर व मैदा जवळजवळ वर्ज्य होता. दंतवैद्यांनी १९४७ पासून अनेक वर्षे त्यांचे दात तपासले. तेराव्या वर्षी होपवुडच्या ५३ टक्के मुलांना एकही कीड नव्हती. त्याच वयाच्या सरकारी शाळांतील मुलांमध्ये हे प्रमाण अवघे ०.४ टक्के होते.

या मुलांची दात घासण्याची सवय काही आदर्श नव्हती. अनेकांच्या हिरड्या सुजलेल्या असत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडही फारसे नव्हते. त्यांच्यात चव जाणणारी आणि न जाणणारी अशी दोन्ही प्रकारची मुले असणारच, कारण ती वेगवेगळ्या घरांतून आली होती. तरीही ताटात साखर नसल्यामुळे जिभेच्या भेदाला वावच राहिला नाही. पुढे वयात येताना ही मुले बालगृहातून बाहेर पडली, सर्वांसारखे खाऊ लागली, आणि त्यांच्या दातांना इतरांच्याच वेगाने कीड लागू लागली. लहानपणी मिळालेले संरक्षण दातांच्या अंगी मुरले नव्हते. ते ताटात होते आणि ताट बदलताच संपले.

निवासी संस्था चालवणाऱ्यांनी आणि तेथे मुले पाठवणाऱ्यांनी या उदाहरणाचा जरूर विचार करावा. घरच्या स्वयंपाकघरात एका मुलासाठी वेगळा नियम करणे कठीण असते. वसतिगृहाचे भटारखाने मात्र एका निर्णयाने शंभर जिभांची सवय घडवू शकते. सकाळच्या दुधात किती साखर टाकायची, संध्याकाळी बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, उकडलेली मक्याची कणसे किंवा केळे द्यायचे का, हे ठरवण्यास फार पैसा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा अनुक्रमे सुमारे ५० आणि २५ ग्रॅम होते. लहान मुलाची त्याहूनही कमी. ज्यांचे आईवडील उसाच्या फडात कोयता चालवतात, त्यांच्या मुलांचे दात त्याच उसाच्या साखरेने जावेत, हे दुःख आपल्या भागातील शिक्षकांना चांगले परिचित आहे.

दन्तकट्ठ आणि रसहरणी

दात आणि चव यांचा एकत्र विचार भारतात नवा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात दन्तकट्ठ म्हणजे दातण वापरण्याची अनुज्ञा आलेली आहे. दातण न केल्याने होणारे पाच तोटे तेथे मोजले आहेत: डोळ्यांना अपाय होतो, तोंडाला दुर्गंधी येते, रसहरणी म्हणजे चव वाहून नेणाऱ्या नाड्या शुद्ध होत नाहीत, पित्त आणि कफ अन्नाला वेढतात आणि अन्न रुचत नाही. पाचांपैकी दोन तोटे चवीशी निगडित आहेत. यात आधुनिक आनुवंशशास्त्र शोधत बसण्याचे कारण नाही. तसे करणे ग्रंथावर आणि विज्ञानावर, दोन्हींवर अन्याय ठरेल. स्वच्छ मुखात चव खुलते, हे निरीक्षण मात्र अचूक आहे. त्याच प्रकरणात दातणाच्या लांबीचा नियमही आहे. काही भिक्षू लांबलचक दातणे वापरत आणि त्यांनीच श्रामणेरांना झोडपत, म्हणून आठ अंगुळांची कमाल मर्यादा घातली गेली. आखूड दातण एकाच्या घशात अडकले, म्हणून चार अंगुळांची किमान मर्यादाही आली. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हा तपशील वाचताना हसू आल्याशिवाय राहणार नाही. सातव्या शतकात भारतात आलेले चिनी भिक्षू इत्सिंग यांनीही येथील विहारांतील दातणाची रीत बारकाईने लिहून ठेवली आहे.

पालकांच्या हातचे

काही वर्गांत पीटीसीच्या कागदपट्ट्या चाखवून आनुवंशिकतेचा पाठ शिकवला जातो. पट्टीवरील मात्रा अत्यल्प असते, तरी पालकांची अनुमती घेऊनच हा प्रयोग करावा. प्रॉप हे औषध आहे. ते घरी आणून चाखवण्याचा विचारही करू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या पट्टीवरून ‘हा किडक्या दाताचा’ असा शिक्का कोणत्याही मुलावर मारू नये. ज्याला अधिक गोड लागते, तो हावरट नसतो. त्याची जीभ कमी संवेदना देते, एवढेच. चष्मा लागलेल्या मुलाला आपण आंधळा म्हणून हिणवत नाही. गोड मागणाऱ्या मुलालाही तोच न्याय द्यावा. त्याच्याशी भांडण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांच्याच चहातील साखर महिन्याला थोडी थोडी कमी करत जाणे अधिक उपयोगी ठरते, कारण सवय ही कोणत्याही जिभेला लावता येते.

पालकभेटीच्या दिवशी वसतिगृहाच्या आवारात पिशव्या उघडतात, तेव्हा त्यांत आईची माया असते, आणि क्रीमची बिस्किटे, चॉकलेटे, चिक्की, लाडूही असतात. माया कमी करा, असे कोण म्हणेल? मात्र तो खाऊ पेटीत कुलूपबंद होऊन आठ दिवस रोज थोडा थोडा, अंधारात, पांघरुणाखाली खाल्ला जातो, आणि दातांच्या दृष्टीने याहून वाईट पद्धत नाही. व्हिपेहोल्मच्या चिकट टॉफीचे हेच चित्र आहे. तोच लाडू त्याच दिवशी जेवणाच्या पंगतीत, मित्रांना वाटून खाल्ला तर निम्मे नुकसान टळते. आजारी मुलाला रात्री दिलेले गोड सायरप, तान्ह्या बाळाच्या तोंडात झोपताना ठेवलेली साखरपाण्याची बाटली, यांनाही हाच नियम लागू आहे. झोपेत लाळ फारच कमी सुटते, त्यामुळे रात्रीचे गोड पहाटेपर्यंत दातांवर बसून राहते.

रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दात घासावेत. पाकिटावर फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएम किंवा त्याहून अधिक लिहिलेले असावे. विहिरी-कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असणाऱ्या गावांतील पालकांनी याबाबत दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा. लहान मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, परंतु भरभरून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. राखुंडी व मिश्रीने दात घासण्याची सवय अजूनही काही घरांत आहे. राखुंडी दात झिजवते आणि मिश्री म्हणजे तंबाखूच. ती मुलाच्या बोटावर कधीही देऊ नये.

आणखी एक गोष्ट पालक हमखास विसरतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती गुपचूप उगवते आणि ‘दुधाचीच आहे, पडून जाईल’ असे समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. ती पडत नाही. ती आयुष्यभराची असते. मुलाला खिडकीच्या उजेडात उभे करून समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जावे. सहाव्या क्रमांकावर मोठी, खोल खाचांची दाढ दिसली आणि तिच्या खाचेत काळी रेघ किंवा खडूसारखा पांढरा डाग असला, तर त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठावा.